तिसरं पाणी

बाबा,

पकडले गेलात! काल मी घरी आले तेव्हा माझी चिमुकली चिनी, मातीची किटली चक्क कोमट होती. आई मावशीकडे गेलेली, म्हणजे चोर कोण ते उघड आहे.

अहो, त्या चहाच्या पानांवर पुन्हा पुन्हा गरम पाणी ओततात. सकाळी दोनदा ओतून मी प्यायले आणि तिसरं पाणी संध्याकाळसाठी राखून ठेवलं. तेच सगळ्यात गोड लागतं, आणि नेमकं तेच तुम्ही फस्त केलंत! "या वयात कसली भातुकली मांडतेस?" असं आईला ऐकवून मला टोमणे मारणारे तुम्हीच ना?

पण राग नाही आला, नाचावंसं वाटलं. किटली तुम्ही साबण न लावता नुसती विसळून उपडी घातलीत. साबणाचा वास त्या मातीत मुरतो, हे मी आईला सांगत होते तेव्हा पेपराआडून तुमचे कान इकडेच होते तर!

आता पोस्टात पळतेय, नवा चहा आलाय. त्याला म्हणे जळक्या लाकडाचा वास येतो. तुम्हाला आवडणार, पैज लावा.

मी नोकरी सोडली म्हणून धरलेला अबोला आजच सोडा, असं नाही म्हणत. संध्याकाळी दोन पेले मांडते, फक्त येऊन बसा. चहा ओतणाऱ्याचे आभार मानायला चिनी लोक टेबलावर दोन बोटांनी हलकेच टकटक करतात. बोलावं लागत नाही.

तुमची भातुकलीवाली