मांडीच्या पट्ट्यावरचा लाल दोरा

हिंटरमोस, ९ फेब्रुवारी, सकाळी सव्वासात

ती. बुर्गलताईस,
धाकट्या कासियानचा खालून वर नमस्कार, वि. वि.

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी शेजारच्या चीजच्या दुकानात रोमेडदादाच्या नव्या, बर्फाच्या लोटात फुगून माणसाला वर ठेवणाऱ्या सॅकचा सिलिंडर काट्यावर ठेवून उभा होतो. आमच्या स्कीच्या दुकानातल्या काट्याला पाच ग्रॅमच्या खालचं कळत नाही. भरलेल्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच कोरलेलं असतं. त्यात दोन-तीन ग्रॅमची घट आली तरी हवा गळते आहे असं समजायचं. चीजवाल्या बाई म्हणाल्या, पाव किलो कापून देऊ का? मला हसू आलं नाही. वजन बरोबर भरलं.

दादा वीस तारखेला सहा पाहुण्यांना घेऊन जॉर्जियाला निघतो आहे, स्वानेतीच्या डोंगरांत. मी त्याला बॅटरीवरची सॅक घे म्हणून आठवडाभर सांगत होतो. ती पंख्याने फुगते, कितीदाही फुगवता येते, आणि विमानतळावर तिला कुणी हटकत नाही. गॅसची एकदा हँडल ओढून फुगवली की संपली, आणि तिकडे भरून देणारं कुणी नाही. तो म्हणाला, बॅटरीची अर्धा किलो जड आहे, तेवढ्या वजनाचं मी धुरातलं मांस नेईन. आणि लोट काय दोनदा येऊ का असं विचारून येतो? दुकानाचे मालक हसले, म्हणून तोही हसला.

शेवटी गॅसचीच घेतली. सूट धरून सातशे साठ युरो. निम्मे मी भरले, निम्मे तो ईस्टरला देणार आहे. तो परवा तुझ्याकडे वर निवाऱ्यावर येईल, तेव्हा तू एकदा सांगून बघ. अजून बदलून देता येते. मला दुकान कळतं, डोंगर कळत नाही, असं त्याचं म्हणणं आहे. ते खरंही आहे, म्हणून जास्त भीती वाटते.

आई बरी आहे. दुधाच्या कॅनबरोबर तुझे लोकरी मोजे पाठवते आहे. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
कासियान

*

निवारा, १२ फेब्रुवारी

चि. कासियान यास,
ताईचे आशीर्वाद आणि एक टपली.

तुझं पत्र सामानाच्या तारेवरच्या पाळण्यातून लोण्याच्या डब्याला चिकटून आलं. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं, आणि आतला मजकूर म्हाताऱ्या आत्यासारखा.

दादा आला होता. पावाचे उकडलेले गोळे सात खाल्ले आणि आठवा खिशात घातला. मी तुझं सगळं त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, कासियानला जमलं तर तो मला खोक्यात घालून, वर ‘नाजूक माल’ असं लिहून पाठवेल. मी म्हटलं, मग जा की खोक्यातून, तेवढंच तिकीट वाचेल. सॅक बदलणार नाही. मी फार ताणलं नाही. वीस वर्षं डोंगरात आहे तो.

मला सॅकपेक्षा त्याच्या स्वभावाची धास्ती वाटते. गेल्या साली एका पाहुण्याचे हातमोजे दरीत पडले, तर यानं आपले काढून दिले आणि बोटं काळीनिळी करून माझ्या चुलीपाशी येऊन बसला. वर म्हणाला, गाइडची रीतच ती, पाहुण्याकडे नाही ते आपल्याकडे असून कसं चालेल? मी त्याला खूप हसले होते.

तू जेवत जा. वायरलेसवर उगाच हवामान विचारत जाऊ नकोस, सगळं खोरं ऐकतं आणि मला म्हणतं, तुझा भाऊ परत घाबरला.

तुझीच,
बुर्गल

*

हिंटरमोस, १९ फेब्रुवारी

ती. ताईस, नमस्कार, वि. वि.

दादाची सॅक आज बांधून दिली. विमान कंपनीकडून एका सिलिंडरची लेखी परवानगी मागवली होती, ती तीन पत्रांनंतर आली. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून सिलिंडरला बांधला आहे. सिलिंडर सॅकपासून सोडवून त्यावर प्रवासाचं टोपण घट्ट बसवलं. पुन्हा कसा जोडायचा ते लिहून दिलं, तर दादा म्हणाला, अरे, मी लोकांना हे शिकवतो.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून कबूल करून घेतली. सॅकला मांडीखालून येणारा एक पट्टा असतो. लोक तो टोचतो म्हणून लावत नाहीत, आणि मग लोटात फुगलेली सॅक डोक्यावरून निघून जाते, माणूस खालीच राहतो. मी दादाला दुकानात उभं करून पट्टा त्याच्या मापाला ओढला आणि त्या जागी लाल दोऱ्याने टाका घातला. दर सकाळी बकल इथपर्यंत यायला हवं. तो म्हणाला, आईनं चड्डीला नाडी घातल्यानंतर माझी इतकी काळजी कुणी घेतली नव्हती.

पहाटे निघेल. माया असू दे.

कासियान

*

हिंटरमोस, ३ मार्च

ताई,
हे पत्र दुधाच्या कॅनखाली ठेवतो आहे. आधी खाली बस, मग वाच. वायरलेसवर सांगता आलं असतं, पण सगळं खोरं ऐकतं.

सत्तावीस तारखेला दुपारी स्वानेतीत लोट आला. पाच पाहुणे वरच्या कडेवर थांबले होते, ते वाचले. दादा आणि एक पाहुणी उतारावर होते. पाहुणी लोटाच्या वरच सापडली, पाय मोडला आहे, पण जिवंत आहे. दादा सापडला नाही. अंगावरच्या शोधयंत्राचा आवाज आधी थोडा आला, मग वरून दुसरा लोट उतरला आणि काहीच ऐकू येईना. दोन दिवस शोधलं. आता वरच्या उतारावर आणखी बर्फ लटकतो आहे, म्हणून शोध थांबवला आहे. जूनमध्ये बर्फ उतरेल तेव्हा, असं ते म्हणतात.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, त्याची खोली गरम ठेव. मी ठेवतो आहे.

ताई, सॅक फुगली असती तर तो वर राहायला हवा होता. मी सिलिंडर तोलला होता. टोपण फार घट्ट बसवलं का? ते त्याला निघालं नसेल का? बॅटरीची घे म्हणून पुन्हा भांडायला हवं होतं. मला दुसरं काही सुचत नाही.

कासियान

*

निवारा, ४ मार्च

कासियान,
वाचलं. खाली बसले नाही. चौदा जणांचं सूप चुलीवर होतं, ते वाढलं आणि मग मागे लाकडांच्या खोलीत गेले.

दोन आठवडे इथून हलता येणार नाही, बदलीला कुणी नाही. आईजवळ तू आहेस. टोपणाचं डोक्यातून काढ. काढता येत नसेल तर निदान आईसमोर बोलू नकोस. दादा गरजेला दगडातूनही टोपण काढेल, तुला माहीत आहे.

आठवा गोळा त्यानं खिशात घातला होता. दिवसभर तेच आठवतं आहे.

बुर्गल

*

हिंटरमोस, ११ एप्रिल

ती. ताईस, नमस्कार, वि. वि.

दादाचं टपालाचं कार्ड मार्चच्या मध्यावर आलं होतं. तुला पाठवायचं धाडस झालं नाही. आज उतरवून देतो, चुका त्याच्याच आहेत, मी दुरुस्त केल्या नाहीत:

‘कासीयान, तुझा कागद दाखवला, सिलींडर सुटला. साहेबानं सलामच ठोकला! आमच्या पाहुण्या आडेलगुंड बाईंचा मात्र जप्त झाला, परवाणगीच नव्हती. आपल्या शेळीएवढी ऊंच बाई, पण रडली हत्तीएवढं. त्यांची सॅक दूसऱ्या कंपणीची, माझा सिलींडर तिच्या आट्यांत बसत नाही. पण त्यांची सोय लावली आहे. इथलं चीज आपल्यापेक्षा बरं, शेजारच्या बाईंना सांगू नको. रोमेड.’

काय सोय लावली ते मला कळलं नव्हतं. तिथल्या एखाद्या गाइडकडून सिलिंडर उसना आणला असेल, असं मी मनाला सांगितलं.

काल दादाचं सामान आलं. सर्वांत वर त्याची सॅक. हवेची पिशवी फाटलेली, हँडल ओढलेलं, सिलिंडर रिकामा. म्हणजे ती फुगली होती, आणि तरी दादा तिच्यात नव्हता. माझ्या मनात एकच आलं, यानं मांडीचा पट्टा लावला नाही आणि सॅक त्याला सोडून गेली. मालकांसमोर मी तिला शिव्या घातल्या, दादालाही घातल्या.

मग पट्टा उलटून पाहिला. बकल लावलेलंच होतं. तेवढा भाग कापून सॅक अंगावरून काढली होती, दवाखान्यात काढतात तशी. आणि बकल लाल दोऱ्यावर नव्हतं. दोऱ्याच्या वीतभर पुढे, एखाद्या लहानशा माणसाच्या मापाला ओढलेलं होतं.

ताई, सॅकनं काम केलं. सिलिंडर भरलेला होता, टोपण निघालं होतं, मी तपासलेलं सगळं बरोबर होतं. फक्त ती दादाच्या पाठीवर नव्हती.

कासियान

*

निवारा, १४ एप्रिल

चि. कासियान,
मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहून टाकते, म्हणजे जाईल. वाटलं, त्या बाईचा पाय नको, मान मोडायला हवी होती. मग रात्रीच्या पाहुण्यांत एक बुटकी बाई होती, तिला मी वाढलंच नाही. ती उपाशी झोपली. सकाळी तिला दोन अंडी जास्त दिली. तिला काही कळलं नाही.

हातमोज्यांच्या वेळी मी हसले होते. कान पिळायला हवा होता.

ती सॅक शिव. विकू नकोस. पट्टा पुन्हा लाल दोऱ्यावर आण आणि पाळण्यातून वर पाठव. आणि एकूण काय खर्च झाला ते कळव, सगळा तुझ्या एकट्यावर नको.

बुर्गल

*

हिंटरमोस, २ मे

ती. ताईस, नमस्कार, वि. वि.

सॅक शिवून झाली. कापलेल्या जागी नवा तुकडा जोडून पट्टा दोऱ्यावर आणला आहे. उद्याच्या पाळण्यात येईल.

काल आडेलगुंड बाई दुकानात आल्या, कुबडी घेऊन. लिंत्स शहरात त्यांचं औषधाचं दुकान आहे. काउंटरच्या वर त्यांचं फक्त डोकं दिसत होतं. त्या म्हणाल्या, त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. दादानं सांगितलं होतं की इथल्या एका गाइडकडून तुमच्या सॅकचा सिलिंडर मिळाला, पण तुमची सॅक मला पाठीला बरी बसते, आज अदलाबदल करू. जुना मित्र असल्यासारखा त्यानं त्यांचा पट्टा स्वतः ओढून दिला. लोट सुटला तेव्हा तो त्यांच्या वर होता. दोन्ही हात हलवून ओढा, ओढा असं ओरडत होता. मी विचारलं, त्यानं स्वतःचं हँडल ओढलं का? त्यांनी कुबडी काउंटरला टेकवली. म्हणाल्या, त्याचा हात तिकडे गेलाच नाही.

मी त्यांना खुर्ची दिली. त्या मांडीवर हात ठेवून रडल्या, आणि मी काउंटर पुसत राहिलो. आई दुकानामागच्या आमच्या घरातून आली, तिनं विचारलं, या कोण? मी म्हटलं, दादाच्या पाहुण्या. आईनं त्यांना सूप दिलं आणि विचारलं, तो केव्हा येणार म्हणाला होता? बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाव कापून पुढे ठेवला.

जूनमध्ये मी जाणार आहे. बर्फ उतरेल तेव्हा कुणीतरी ओळखणारं हवं. त्याच्या पाठीवर बाईंची सॅक असेल, निळी, सिलिंडर नसलेली. एवढं मला आता नक्की माहीत आहे.

आहे तेवढी माया जपून ठेव, आपण दोघंच आहोत.

तुझा,
कासियान

ता. क. तू हिशोब मागितला होतास. सॅक सातशे साठ, त्यातले माझे तीनशे ऐंशी दिलेले, दादाचे तीनशे ऐंशी येणे. ते खोडलेले नाहीत. सिलिंडर भरण्याचे अडतीस. बाईंनी सॅकची पूर्ण किंमत पाकिटात आणली होती. मी त्यातून अडतीस घेतले, कारण ती हवा त्यांनी वापरली, आणि बाकीचे परत दिले. कापड आणि दोरा अकरा. माझं जूनचं जाण्यायेण्याचं तिकीट चारशे दहा, त्यातले दोनशे मालकांकडून उसने. दादाला परत आणायला त्याच विमान कंपनीची लेखी परवानगी लागते, असं कळलं. अर्ज लिहिला आहे. त्याचे किती पडतील ते त्यांनी अजून कळवलेलं नाही, म्हणून तिथे जागा मोकळी सोडली आहे.