दारावरची यादी

आई,

तुझ्या पाया पडून लिहायला बसले. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

कामगारांच्या मुलांसाठी मी काढलेल्या शाळेला महिना झाला. भिंती वस्तीतल्या गवंड्याने फुकट बांधून दिल्या. फी नाही, पण शिकवणं कारखानदाराच्या मुलांना मिळतं त्याच तोलाचं. पहिल्या दिवशी बेचाळीस मुलं आली.

एक चूक मात्र माझ्या हातून झाली. आईबापांना कौतुक वाटावं म्हणून मी मुलांची यादी दारावर लावली. नाव, पत्ता, वडील काय करतात, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवशी यादी गायब. फाडली नव्हती, चारही टाचण्या उंबऱ्यावर ओळीने ठेवल्या होत्या.

मग कारखान्यात एकेका बापाला साहेबांचं बोलावणं येऊ लागलं. काल एकोणीसच मुलं होती. गवंडी म्हणाला, "बाई, माझी पोरगी आता पाट्या वाचते. तिला घरी कसं बसवू?" पण बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

आज यादी परत दारावर आली, त्याच टाचण्यांनी. तेवीस नावांवर लाल रेघा. शेवटी एक नाव वाढलंय, माझं. पत्ता आपल्या घराचा आहे, जो मी इथे कुणालाच सांगितलेला नाही. वडिलांच्या रकान्यात लिहिलंय, 'सकाळी सहाला एकटे फिरायला जातात.'

काळजीचं काही नाही. उद्याही मी शाळा उघडणार आहे. बाबांना तेवढं चार दिवस घरातच फिरायला सांग.

तुझी,
धाकटी