पांढरं अस्वल आणि खुडूक कोंबडी

९ जुलै २०१२
निघालो एकदाचे! साक्षी नॉर्वेत नोकरीला लागली तेव्हापासून यांचं एकच टुमणं — पांढरं अस्वल बघायचं. पोरीनं शेवटी बोटीची तिकिटंच काढली.

घरातून निघताना नागऱ्याच्या शेतावरून चैतराम आला. आमची धानाची शेती तोच बघतो; बांध्यांत, म्हणजे खाचरांत, रोवणा — भाताची लावणी — सुरू व्हायची होती. म्हणाला, "गुरुजी, मोठ्या बांधीत सारसानं खोपा मांडला जी. दोन अंडे आहेत. रोवणा कसा करू?"

हे बुटाची नाडी बांधत होते. "खोप्यापायी बांधी पडीत ठेवू का? मी येईपर्यंत रोवणा झाला पाहिजे."

मी थर्मास भरत होते. झाकण घट्ट लावलं.

१४ जुलै
बोटीवर. इथे सूर्य मावळत नाही, म्हणून यांचं बोलणंही थांबत नाही. गाइड मुलगी सांगते — जनावरापासून लांब राहा, हळू बोला, हे त्यांचं घर आहे. हे वहीत उतरवून घेतात आणि मग इतर प्रवाशांची उजळणी घेतात. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, हेडमास्तरकी काही सुटत नाही.

१५ जुलै
धुकं. अस्वल नाही. वरणभात फार आठवला.

१६ जुलै
दिसलं! बर्फावर, पिल्लासोबत. दुर्बिणीतूनही तांदळाच्या दाण्याएवढं. शेजारचा गोरा म्हातारा खोकला, तर यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा आत निघून गेला. यांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "संध्या, माणसानं यांच्या जागेत पाऊलही टाकू नये."

"आणि सारसाच्या?" मी विचारलं.

हे गळ्यातली दुर्बीण काढून, बोटीवरून फोन कसा लावायचा ते विचारायला गेले.

१७ जुलै
सकाळपासून बोटीच्या फोनला चिकटलेत. चैतरामचा मोबाइल बंद. पावसात भिजेल म्हणून तो घरीच ठेवतो, तोही बंद करून.

जेवताना मात्र यांनी भाषण ठोकलं — आमच्या शेतात सारसाचं घरटं आहे, आम्ही ते जिवापाड जपतो! टाळ्या पडल्या. मी सूप पीत राहिले. लाज वाटली.

१९ जुलै
फोन लागला. चैतराम खुशीत. "झाला जी रोवणा! पण अंडे फोडलो नाही. उचलून घरी आणलो, खुडूक कोंबडीखाली ठेवून देलो. मस्त बसून राहिली!"

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले.

२७ जुलै
नागरा. बांधी हिरवीगार. सारसाची जोडी बरोबर खोप्याच्या जागी उभी. चैतरामच्या पडवीत कोंबडी, पण दोन्ही अंडी काही तिच्याखाली मावत नाहीत. यांनी तिच्याभोवती दोरी बांधली. चैतरामच्या बायकोला, धुरपताला, सांगतात — पाच पावलं लांब राहा, हळू बोला. ती म्हणाली, "माह्याच घरात कायले हळू बोलू जी?"

१२ ऑगस्ट
कोंबडीचं बसणं एकवीस दिवसांचं, सारसाच्या अंड्यांना महिना लागतो; ती आज उठली ती उठलीच. अंगणात दाणे टिपत होती. अंडी गार. हे दोरी सोडत बसले, बराच वेळ. जोडी अजून बांधीत येते.

त्या दिवशी थर्मास खाली ठेवून मी एक शब्द बोलायला हवा होता. बांधी माझ्याच नावावर आहे.