मापाची बाई

३ मार्च

पोचले एकदाची! नवं गाव, नवी नोकरी, आणि वर नाट्यगृहाच्या माडीवर फुकटची खोली. खाट, खुर्ची, खिडकी. शेजारपाजार नाही, म्हणजे कटकटही नाही. दिग्दर्शकांनी काम समजावलं. नाटकात एकच खोली, आणि तीत एकटीच राहणारी बाई. मी आधी पुठ्ठ्याचं छोटं मॉडेल करायचं, मग सुतारकाका त्यावरून खरा सेट उभा करणार. ताईला फोन केला. आई गेल्यापासून मला हक्काने रागावणारी तेवढी एकच उरलीय. पंचवीस तारखेला भेटायला येते म्हणाली. मी आतापासूनच हवेत आहे.

८ मार्च

एकट्या बाईची खोली कशी असते, हे मला कुणी शिकवायला नको. सरळ माझीच खोली मापात उतरवली. तीन भिंती, चौथी प्रेक्षकांची, म्हणून मोकळी. खाट काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, खुर्ची अंगठ्याच्या पेराएवढी. दार केवढं, खुर्ची केवढी, हे बघणाऱ्याला कळावं म्हणून मॉडेलमध्ये एक मापाचा माणूस उभा करतात. तो दुसरा कुणाचा कापू? टेप घेतला, स्वतःचीच मापं घेतली आणि बोटाएवढी बाई कापली, माझ्यासारखाच अंबाडा घालून. सुतारकाका बघून चपापले. म्हणाले, इथे जिवंत माणसाचं माप घेऊन कुणी कापत नाही, अंदाजानेच कापायचं. मी म्हटलं, काका, एवढ्या मोठ्या इमारतीत मला बोलायला कुणीतरी नको का? ते काही हसले नाहीत.

१४ मार्च

आज ती खुर्चीवर बसलेली होती. मी तिला उभी कापली होती. कुणीतरी चेष्टा करतंय, दुसरं काय! सगळ्यांना विचारत हिंडले, पण कुणी धड उत्तर देईना. उलट दिग्दर्शक म्हणाले, सकाळी चहाला तुम्ही आम्हाला काय हसवलंत हो! मी सकाळी चहाला गेलेच नव्हते. मला कुणी बोलावलंच नव्हतं.

१८ मार्च

ताईला फोन लावला. म्हणे, अगं, आत्ताच तर तासभर बोललीस, अजून पोट भरलं नाही का? किती दिवसांनी मोकळी हसलीस, माझा जीव भांड्यात पडला, असंही म्हणाली. काय सांगणार? वेड लागलं म्हणेल. फोन ठेवून खूप रडले.

मॉडेलमधली खुर्ची रिकामी आहे.

२१ मार्च

सुतारकाकांना जिन्यात हाक मारली. बाजूने निघून गेले. हात धरला, तरी वळले नाहीत. मग ठरवलं, मॉडेल फाडूनच टाकायचं. ते ठेवलंय त्या कार्यशाळेचं दार उघडलं, तर आत माझीच खोली. बाहेर पडले — पुन्हा माझीच खोली.

२४ मार्च

खिडकीबाहेर आकाश नाही. निळा रंग आहे, ब्रशाचे फराटे दिसतात. गादी कडक, पुठ्ठ्याची. भूक लागत नाही. उद्या ताई येईल. बाकीच्यांना काय कळणार — ताई ओळखेल. तिला ओळखावंच लागेल.

२५ मार्च

समोरची भिंत नाही. तिथे उजेड — आणि ताई! केवढा चेहरा! मी ओरडतेय, घसा फाटला — तिला ऐकू जात नाही. शेजारी ती. माझा अंबाडा, माझा आवाज. ताईच्या खांद्यावर हात टाकून उभी. ताई म्हणतेय, किती बदललीस गं, अशीच राहा बाई — तिचे डोळे भरलेत. आनंदाने.

ताई वाकली. माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे —

म्हणाली, बिचारी किती एकटी वाटते, हिला कुणाची तरी सोबत दे ना.

त्या दुसरीने टेप काढला. ताईला भिंतीशी उभं राहायला सांगतेय. ताई हसत हसत टाचा जुळवतेय —

ताई, माप देऊ नकोस. पळ. तुला आईची शपथ, पळ —

कात्रीचा आवाज —

देवा, मला बरं वाटतंय — नको, ताई — नाही — किती दिवसांनी कुणीतरी — ये, ताई, ये ना, इकडे माझ्याजव—