आपल्या घरातल्या बायकांना दूध येत नाही

पिएत्राफोस्का,
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९६७

फियोरेला पोरी,

तुला, तुझ्या टुलियोला आणि फोटोत नुसतं नाकच दिसणाऱ्या माझ्या पणतवाला आजीचे आशीर्वाद. आम्ही दोघी म्हाताऱ्या बऱ्या आहोत. दारापर्यंत आलेलं बर्फ आता गोठ्यामागे तेवढं उरलंय आणि कोंबड्या परत अंडी द्यायला लागल्यात. पत्र नेहमीसारखं माझ्या नणंदेच्या हातचं आहे. मी बोलते, वन्सं लिहितात. त्यांना न पटलेलं त्या गाळतात असा माझा जुना संशय आहे, पण तो सिद्ध करायला मला वाचता यायला हवं.

(मी काहीही गाळत नाही. – नुन्झियाता)

बघ, हे काय लिहिलं ते त्या मला सांगत नाहीत.

तुझं पत्र वन्संनी दोनदा वाचून दाखवलं. दवाखान्यातून आणून पाठ केलेला कागद, दर तीन तासांनी पाजायचं, मध्ये रडला तर रडू द्यायचं. औषधवाल्याकडून भाड्याने आणलेला तराजू. पाजण्याआधी पोर तोलायचं, पाजल्यावर परत तोलायचं, आणि काटा ऐंशी ग्रॅम म्हणाला नाही की तू रडायचं. अगं, ते पोर आहे की बटाट्याचं पोतं? तराजूसमोर मला बसवलं असतं तर माझंही दूध पळालं असतं. तो तराजू उद्याच्या उद्या टुलियोच्या खांद्यावर देऊन परत पाठव. गाड्यांच्या कारखान्यात दिवसभर लोखंड उचलतो, एवढं ओझं त्याला झेपेल.

ग्रॅम मोजू नकोस, लंगोट मोज. दिवसाला सहा-सात चांगले भिजलेले निघाले आणि पोराच्या मांड्या भरायला लागल्या, की पोटात दूध जातंय. नाही निघाले, पोर मलूल पडलं, तर मात्र माझ्या पत्राची वाट न बघता डॉक्टरकडे ने. म्हातारी शहाणी असली तरी सहाशे किलोमीटरवर आहे.

चिरा पडल्या म्हणतेस, पाजताना दात-ओठ खातेस म्हणतेस. तो नुसतं टोक पकडतोय, म्हणून. त्याने आ वासेपर्यंत थांब, चांगला कोंबडीच्या पिल्लासारखा, आणि मग त्याला तुझ्याकडे ओढ. तू त्याच्यावर वाकू नकोस. टोकाच्या भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. दुखलं तर करंगळी घालून सोडव आणि परत लाव. दहादा सोडवावं लागलं तर दहादा. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब चोळून ठेव आणि उघड्या हवेत वाळू दे. कोण बघतंय? टुलियोने बघितलं तर बघू दे, त्याच्यामुळेच हे सगळं झालंय.

गाठ आली तर गरम फडकं, आणि पोराला त्याच बाजूला आधी लाव. कोबीचं गार पान कपड्यात ठेवलं तर बरं वाटतं. पण लाल होऊन ताप चढला तर कोबी सूपात टाक आणि डॉक्टरकडे जा.

सकाळी ऊन आलं की खिडकी बंद ठेवून त्याला उघडा कर, ऑलिव्हचं तेल कोमट करून लाव. डबा पाठवते आहे, आपल्याच झाडांचं आहे. आम्ही पोरांना छातीपासून पायापर्यंत पट्ट्यांनी बांधायचो, पाय सरळ होतात म्हणून. तू बांधू नकोस. वन्संचे तीन बांधलेले आणि एक घाईत न बांधलेला, चौघांचेही पाय सारखेच वाकडे आहेत.

(तिघांचे. – नुन्झियाता)

तू लिहिलंस की तुझी आई रोज दुपारी येते आणि म्हणते, जीव जाळून घेऊ नकोस, आपल्या घरातल्या बायकांना दूध येत नाही. तुझ्या आजीलाही नव्हतं. ते मनावर घेऊ नकोस. तुझ्या आईचं मन प्रेमळ आहे. डब्यातलं तेल जपून वापर.

मला ये म्हणतेस. आले असते, पण गुडघे आगगाडीत दुमडत नाहीत, आणि कोंबड्या कोणावर टाकू?

तुझी आजी
लोरेता ×


पिएत्राफोस्का,
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९६७

फियोरेला,

आशीर्वाद आहेतच. खुशाली शेवटी सांगेन, वेळ उरला तर.

तुझं दुसरं पत्र काल आलं. तराजू परत दिलास, चिरा भरत आल्या, हे ऐकून मी वन्संना म्हटलं, आता ठेवा कॉफी. मग त्यांनी पुढचं वाचलं. पोर अजून किरकिर करतं, आई आता दिवसभर असते, चारदा बाटली देते, छाती हलकी लागते. येत्या सोमवारी डॉक्टर दूध आटवायचं औषध देणार आहेत आणि तू हो म्हटलं आहेस. आणि मग ते वाक्य. "आजी, रागावू नकोस, पण तुला स्वतःलाच दूध नव्हतं. तुला हे सगळं काय माहीत?"

कॉफी गार झाली.

माझ्या तापाची गोष्ट तू ऐकलीच आहेस. तुझी आई एर्सीलिया तीन महिन्यांची असताना मला ताप आला, दूध आटलं, उपचाराला रोमला नेलं, वर्षावर तिकडे राहिले, आणि पोरीला आत्याने, म्हणजे आमच्या वन्संनी, स्वतःच्या मुलाबरोबर पाजलं. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ताप कोणत्या वारी आला तेसुद्धा मला पाठ आहे.

ताप आला नव्हता.

इथे वन्संनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "वहिनी, सेहेचाळीस वर्षं झाली. आता कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल तर मी खाली औषधवाल्याकडे जाते, तो लिहील. त्याचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे म्हणतात." त्या म्हणाल्या, "कोण म्हणतं?" आणि लेखणी उचलली.

मला दूध होतं, पोरी. इतकं होतं की शेजारच्या घरात पोर रडलं तरी माझी चोळी भिजायची. भूकंपात पडलेलं घर सहा वर्षं पडलेलंच होतं, आम्ही फळ्यांच्या खोपटात राहत होतो, आणि तुझा आजोबा गाएतानो युद्धातून एक हात घेऊन परतला होता. रोमहून एक बाई यायची, तिथल्या मोठ्या घरांसाठी दूधआया निवडायला. गाईचे दात बघावेत तसे तिने माझे दात बघितले. नखावर दुधाचा थेंब घेतला, तो ओघळतो किती ते पाहिलं, चाटला, आणि मान डोलावली. त्याच आठवड्यात मी निघाले. एर्सीलिया झोपलेली असताना तिला वन्संच्या मांडीवर ठेवलं. वन्संनी चोळी सोडली.

वाटेत दूध आटलं तर रोमच्या दवाखान्यातला डॉक्टर परत पाठवील, म्हणून त्या बाईने स्टेशनवर माझ्या हातात टोपली दिली. आत कुत्र्याचं पिल्लू होतं. हे वन्संनासुद्धा मी आज पहिल्यांदा सांगते आहे. त्या पिल्लाला मी आगगाडीत शालीखाली पाजलं, आणि रोममध्ये तपासणी होईपर्यंत आणखी दोन दिवस. त्याला छान पकडता यायचं. टोक नाही, सगळं तोंडात घ्यायचं. तुला चिरांबद्दल जे सांगितलं ते मला कोणी शिकवलं, ते आता कळलं ना? तेव्हा मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, की याच्याऐवजी ती असती. नंतर ते पिल्लू कोणीतरी घेऊन गेलं. मी विचारलं नाही कुठे.

मग लुदोविको. वकिलाचा मुलगा, अकरा दिवसांचा, बाटलीवरचा. पहिले चार दिवस तो माझ्याकडे तोंडच वळवेना, आणि प्रवासाने माझंही दूध निम्म्यावर आलं होतं. घरात सगळ्यांचे चेहरे पडलेले. मी त्याला उघड्या छातीवर घेऊन पडून राहिले, दिवसभर. भूक लागून रडायच्या आत लावायचं, रडायला लागल्यावर नाही. बाटली एकदम तोडली नाही. आधी छाती, मग उरलेली भूक चमच्याने, आणि चमचे रोज थोडे कमी. दूध पिणाऱ्याच्या मागणीने येतं, फियोरेला. मागायला कोणी नाही तर ते कशाला येईल? पाचव्या दिवशी त्याने पकडलं आणि आठवड्यात माझं दूध परत भरलं. पुढे चौदा महिने प्यायला. गालांना एवढ्या वळ्या पडल्या होत्या की डोळे शोधावे लागायचे.

मला तिथे मांस, सूप, लेसचा झगा, गळ्यात पोवळी. बागेत फिरायचं, कोणी मोठ्याने बोलायचं नाही. वाईट बातमीने दूध नासतं असं लुदोविकोच्या आई, बाईसाहेब, मानायच्या. वन्संची पत्रं त्याच वाचून दाखवायच्या: पोरगी छान आहे, खेळते, हसते. परत आल्यावर मला कळलं की वन्संनी एका पत्रात लिहिलं होतं, एर्सीलियाला डांग्या खोकला झालाय, निळी पडते, पाद्री येऊन गेला, लवकर ये. त्या दिवशी बाईसाहेबांनी वाचलं, सगळं ठीक आहे. मी आनंदाने लुदोविकोला पाजायला घेतलं.

वन्संनी तिला तीन आठवडे मांडीवर उभं धरून जगवलं. हे मी सांगते आहे, म्हणून त्यांना लिहावंच लागेल.

(लिहिलं. – नुन्झियाता)

दगडी भिंतींचं घर आम्ही त्यानंतर बांधलं, तुझी आई ज्यात वाढली ते. ते माझ्या दुधाचं आहे, खिडक्यांसकट. गावातली निम्मी घरं अशीच उभी राहिली, म्हणून कोणी कोणाबद्दल बोललं नाही. मी परतले तेव्हा एर्सीलिया अंगणात चालत होती. मी हात पसरले. ती वन्संच्या झग्याआड गेली आणि त्यांनाच आई म्हणाली. मी म्हटलं, मला ताप होता ना, म्हणून ओळखत नाही. ते बोलायला फार सोपं गेलं. आजारी बाईवर कोणी रागवत नाही.

मला वाटलं होतं हे खोटं माझ्यापुरतंच राहील. तू इथे गावातच जन्मलीस, त्यानंतर तुझ्या आईला दूध कमी पडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, तुझ्यावर गेले मी, आणि तिने पंधराव्या दिवशी सोडून दिलं. मी तिथेच चूल फुंकत होते. एक शब्द बोलले नाही. आता तू सोडते आहेस, त्याच खोट्यापायी. तिसऱ्या पोरीपर्यंत मी ते जाऊ देणार नाही.

तुला जमलंच नाही, किंवा तुला नकोच असेल, तर बाटली दे आणि मान वर करून दे. तुझी आई दुसरीच्या दुधावर वाढली आणि तिचा आवाज अजून दोन गल्ल्या ऐकू जातो. पोर उपाशी ठेवण्यात कसलीच शोभा नाही. पण आपल्या घरात दूध नाही म्हणून सोडू नकोस. आपल्या घरात दूध होतं. ते मी दुसरीकडे नेलं.

सोमवारचं औषध घेऊ नकोस. मी येईपर्यंत थांब. शुक्रवारी निघते, शनिवारी सकाळी तोरिनोला पोचते. कोंबड्या वन्सं बघतील. गुडघ्यांना काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. त्या परतीच्या प्रवासानंतर मी आगगाडीत पाय ठेवला नाही, एवढंच. तुझ्या आईच्या तोरिनोतल्या घरी आले नाही, तुझ्या लग्नाला आले नाही. ती समजली की मला तिची पर्वा नाही. गाडीच्या डब्यात कोळशाचा आणि शालीचा वास येतो, हे तिला कसं सांगणार होते?

हे पत्र तिच्यासमोर मोठ्याने वाच. मध्ये काही गाळू नकोस. ती उठून गेली तर जाऊ दे, उरलेलं दारातून वाच.

एर्सीलिया, तू स्टेशनवर आली नाहीस तरी मला पत्ता विचारत येता येतं. मागच्या वेळी, मी रोमहून परतले तेव्हा, तू तोंड फिरवलंस आणि मी कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेले. या वेळी तू तोंड फिरवलंस तरी मी दारातच उभी राहणार आहे. माझ्या गळ्यात अंगावर पाजणाऱ्या बायका दूध टिकावं म्हणून घालतात तो पांढरा मणी असेल. तो माझ्या आईने तुझ्यासाठी मला दिला होता. लुदोविकोला पाजताना मी तो कधी घातला नाही.

खुशाली: सगळं ठीक आहे. या वेळी खरंच.

तुझी आजी, आणि एर्सीलियाची आई,
लोरेता ×

(फुली तिने स्वतः मारली. इतकी दाबून, की कागद फाटला. मी दुसरा घेतला नाही. – नुन्झियाता)