घासलेला गुंड

समुद्रपूर, बुधवार, १२ मार्च १९८६

आज शांतेला, म्हणजे माझ्या बायकोला, मी मनातल्या मनात बावळट म्हणालो. आधी ते इथं कबूल करतो.

परवा आमच्याकडे चोरी झाली; पळताना चोरानं अंगणात टाकलेल्या आमच्या पाण्याच्या पितळी गुंडाला पोलीस जमादारानं कुणाला हात लावू दिला नव्हता. टीव्हीवर ती गुप्तहेराची मालिका लागल्यापासून तोही बोटांचे ठसे मागतो. संशय आमच्या कामवाल्या कमलावर. "ठसे नागपूरले पाठवतो, मंग पाहू तिले," म्हणाला होता.

आज गुंड न्यायला आला, तर शांतेनं तो चिंच-राखेनं लख्ख घासून ठेवलेला.

"काकू, ठसे गेले नं सारे."

"मंग मळका गुंड देऊ का सायबाले? लोक काय म्हणतीन?"

जमादार कपाळाला हात लावून गेला. मी हसलो, वर्तमानपत्रातल्या माझ्या विनोदी लेखाला आयता विषय. पण तो गुंड... भांडी घासायला ही बसलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नाही.

जेवताना विचारलंच.

"अवो, रोज तो गुंड कमलाच घासते. ठसे तिचेच निघाले असते नं."

लेख रद्द. मालिका आम्ही दोघं शेजारी बसूनच पाहतो. मला हे सुचलं नव्हतं.