टीव्हीच्या पाठीवर हात

१५ एप्रिल १९९९, गुरुवार

कॅसेटवर लिहिलंय – ९९९९ गेम्स. आज मोजायला बसले. अकरा! अकरा झाले की पुन्हा पहिलाच, फक्त नाव बदललेलं. बाराव्या नंबरला तोच रणगाडा, पंचेचाळिसाव्यालाही तोच, पण हिरवा. एवढी धडधडीत फसवणूक आणि वर खोक्यावर हसणाऱ्या पोराचा फोटो. वाण्याने असं केलं असतं तर दुकानात उभी राहून भांडले असते. इथे भांडायचं कोणाशी?

आणि कुठल्या तोंडाने? संकेतचं दहावीचं वर्ष सुरू झालं म्हणून ह्यांनी केबल कापली, टीव्हीवर चादर घातली, गेमचा अडॅप्टर माळ्यावरच्या ट्रंकेत टाकला. पुढच्या मार्चपर्यंत बातम्या सोडून काही लागणार नाही म्हणे. संकेत मान खाली घालून सुट्टीतल्या क्लासला जायला लागला, चार ते साडेसहा. मी मागच्या आठवड्यात शाली ठेवायला ट्रंक उघडली. अडॅप्टर समोरच. म्हटलं, बघू तरी पोर कशापायी एवढं वेडं झालं होतं.

तेव्हापासून रोज.

१९ एप्रिल, सोमवार

रणगाड्यांचा गेम. खाली मधोमध आपलं घर, भोवती विटांची भिंत. वरून शत्रूचे रणगाडे येतात, ते मारायचे. सोपं वाटतं. पण ते घर सगळ्यात जास्त वेळा फोडलं कोणी? मीच! घाईघाईत माझीच गोळी माझ्याच भिंतीला. शत्रू पार तिकडे कोपऱ्यात फिरतोय आणि इकडे खेळ खलास. ज्याने हा गेम बनवला त्याला एवढं कळू नये की आपल्या गोळीने आपलं घर फुटायला नको? फार राग आला. सहा वेळा खेळले.

बंदुकीचा गेम तर निव्वळ लबाडी. पाखरू मारायचं. गेमसोबत आलेली प्लास्टिकची बंदूक पार टीव्हीच्या काचेला टेकवून चाप ओढला, तरी म्हणे नेम चुकला.

२० एप्रिल, मंगळवार

लाईट गेले. अठराव्या स्टेजला!! आता पुन्हा पहिल्यापासून.

२२ एप्रिल, गुरुवार

ह्यांनी नवीन खूळ काढलंय. सव्वासातला घरी आले, चपला काढल्या, आणि पाणीसुद्धा न मागता सरळ टीव्हीच्या पाठीवर हात.

"तापलाय," म्हणाले.

संकेत नुकताच आला होता, मोरीत पाय धूत होता. "क्लास बुडवलास?" – "नाही बाबा." – "मग टीव्ही काय उन्हात ठेवला होता?" आणि माझ्याकडे वळून, "तू कुठे होतीस गं?"

"बाजारात," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

पोराला बीजगणिताची पन्नास गणितं. माझा संताप संताप झाला. दिवसभर ऑफिसात राबून आलेल्या माणसाला आल्या आल्या टीव्ही चाचपायचं सुचतं तरी कसं? घर आहे की पोलीस चौकी!

२४ एप्रिल, शनिवार

आज निर्मळ गावात हेलनकडे केकचा क्लास, दर शनिवारसारखा. अंडी फेटताना माझा अंगठा दुखत होता. हेलनने विचारलं, "काय गो, अंगठ्याला काय झाला?" म्हटलं, खोबरं खवलं. तिला काय सांगणार, गेमच्या रिमोटचं बटण दाबून फोड आलाय!

सहाला घरी आले. ह्यांचा हाफ डे, हे शांत पेपर वाचत बसलेले. आज टीव्हीला हात लावला नाही. चला, खूळ गेलं म्हणायचं.

२६ एप्रिल, सोमवार

ट्रंक उघडली आणि बघतच राहिले. मी अडॅप्टरची वायर गुंडाळून त्याला केसांचं रबर लावते. आज रबर नाही. वायरीलाच दुहेरी गाठ मारलेली, रद्दीच्या गठ्ठ्याला मारतात तशी.

म्हणजे संकेत खेळतोच! आणि मी मेली चार दिवस मनाला लावून घेऊन बसले होते. त्या दिवशी काय चेहरा केला होता, जसा काही गरीब गाय. ती पन्नास गणितं अगदी बरोबर दिली ह्यांनी.

मन एकदम हलकं झालं. साडेसहापर्यंत खेळले.

२९ एप्रिल, गुरुवार

ठोकळ्यांच्या गेमबद्दल लिहायचं होतं. वरून वेडेवाकडे ठोकळे पडतात, ते खाली नीट बसवायचे. एवढ्याशा फडताळात वीस वर्षं डबे बसवतेय मी, मला कोण हरवणार? पण नीट रचलं की ती ओळ नाहीशी होते आणि अजून ठोकळे, अजून जोरात! केलेलं काम दिसत नाही, चुकलेलं तेवढं डोळ्यासमोर राहतं. हा गेम नक्की पुरुषाने बनवलाय.

त्या नादात सात वाजले. ओलं फडकं फिरवलं, टेबलफॅन लावला टीव्हीच्या पाठीवर. हे आले ते नेमके नेहमीपेक्षा पाच मिनिटं आधी. पंख्याकडे बघितलं, मग हात लावला.

संकेतचं गुहागर बंद. दहा तारखेला मामाकडे जायचं होतं, आठ दिवस. वर्षभर वाट बघत होता. पोहायची चड्डी कधीच बॅगेत भरून ठेवली होती त्याने. बॅग उघडली, चड्डी काढून परत कपाटात ठेवली.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. मग ती गाठ आठवली. तोही खेळतोच की. गिळला शब्द.

३० एप्रिल, शुक्रवार

आज खेळले नाही. एकच डाव.

५ मे, बुधवार

दूध आणायला गेले तर क्लासचे सर भेटले. "तुमचा संकेत एक दिवस चुकलेला नाही. क्लास सुटला तरी सात वाजेपर्यंत वर्गातल्या प्रितेशबरोबर गणितं सोडवत बसतो. मीच कुलूप लावायला थांबतो."

तिथेच उभी राहून मनात हिशेब मांडला. चारपर्यंत मी घरात, चार ते सात तो क्लासला, नंतर हे घरात. तो खेळणार कधी?

मग गाठ कोणाची? काहीतरी असेल, मीच मारली असेल. मुद्दा तो नाही. पोर खरं बोलत होतं आणि मी त्याच्यासमोर 'बाजारात' म्हणाले. माझी मलाच चीड आली, आणि ती कोणावर काढताही येईना.

शनिवारी ह्यांना सांगायचं. हेलनकडून आल्यावर. म्हणजे सोमवारी पोराला गुहागरला जाता येईल. ठरलं.

८ मे, शनिवार

निर्मळला पोचले तर हेलनच्या घराला कुलूप. शेजारची उर्सुला म्हणाली, "हेलन पुतणीच्या लग्नाला गेली. तुला निरोप नाय मिळाला?" एवढ्या उन्हात फेरी फुकट. चडफडत परत आले, पाचला दार उघडलं.

हे जमिनीवर. बनियनमध्ये. जीभ दातांत धरलेली, दोन्ही हातांत रिमोट. रणगाडे!

गेले तीन शनिवार म्हणे. मी निर्मळला, संकेत क्लासला, आणि हाफ डेचे साहेब माळ्यावर. ती दुहेरी गाठ ह्यांची! मी जी सुटले – "स्वतः खेळता आणि पोराला गुहागर बंद?"

"मी फक्त शनिवारी खेळतो," हे म्हणाले. "गुरुवारी कोण खेळलं मग?"

मी अंगठा मुठीत दडवला. ह्यांनी बघितलं माझ्याकडे. अंगठ्याकडेही. "वसुंधरा," म्हणाले, "अगं, तू?"

शेवटी ठरलं, त्याला आज जेवताना सांगू. दोघांनी मिळून. कसं सांगायचं ते मात्र सुचेना.

मग हे हळूच म्हणाले, "कुठल्या स्टेजपर्यंत गेलीस?" "अठरा." – "अठरा? मी अकराच्या पुढे नाही." आणि दुसरा रिमोट माझ्याकडे सरकवला. म्हटलं, सात वाजायला वेळ आहे.

९ मे, रविवार

काल पुढचं लिहवेना. सव्वासात कधी वाजले कळलंच नाही. संकेत आला. चपला काढल्या. आमच्याकडे बघितलं नाही. सरळ टीव्हीपाशी गेला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी बाबांसारखा.

"तापलाय," म्हणाला.

आम्ही दोघंही रिमोट धरून तसेच बसलेलो.